साठीची रेघ

निकाल लागला त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाला तो वेगळाच लागला. वकीलबाई फाइल काखोटीला मारून घराखालच्या क्रेनच्या यार्डाच्या फाटकातून आत शिरली, तर समोरून काका जवळजवळ धावतच आले आणि त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरून जिंकल्याबद्दल गदागदा हलवला. त्यांच्या मागून दादा आला. तो म्हणाला, "जाऊ दे, मनाला लावून घेऊ नकोस. हरणारच होतो आपण." क्रेनच्या विम्याचं बघणाऱ्या वहिनीनं जिन्यावरूनच विचारलं, "मग विमावाल्यांना काय कळवू मी?" आणि आई यातलं काहीच न विचारता चहा टाकायला आत निघून गेली. आपण जिंकलो की हरलो, हे खुद्द वकीलबाईला विचारलं असतं तर तिलाही धड सांगता आलं नसतं. आणि केस तर तिनंच लढवली होती.

वकीलबाई हे नाव तिला शाळेत असतानाच पडलं होतं. कुठल्याही गोष्टीला "पण का?" विचारायची खोड होती, म्हणून बाबांनी ते चेष्टेनं ठेवलं. पुढे ती खरोखरच वकील झाली तेव्हा चेष्टेतली मजा गेली, नाव मात्र राहिलं. वकिली करून ती दुसऱ्यांच्या भानगडी निस्तरत असे. घरची केस घ्यायची नाही, असं तिनं स्वतःशी ठरवलंही होतं. पण बाबांच्या साठीनं तो नेम मोडला.

आजोबांनी हातानं फिरवायच्या एका क्रेनवर सुरू केलेला धंदा आता सात-आठ मोठ्या क्रेनचा झाला होता. पैकी सगळ्यात मोठीच्या केबिनमध्ये फक्त बाबा बसत. गावात त्यांना उस्ताद म्हणत. पूल असो, पाण्याची टाकी असो, उंच इमारतीवरचं यंत्र असो, अवघड ओझं निघालं की माणसं उस्तादांची तारीख मागत आणि ती मिळेपर्यंत काम थांबवून ठेवत. बाबांना साठावं लागून पुरं झालं त्याच सुमाराला यंत्रसुरक्षा प्राधिकरणानं नवा नियम काढला: साठी पूर्ण झालेल्या माणसानं मोठ्या क्रेनच्या केबिनमध्ये बसायचं नाही. त्यात जर-तर नाही, तब्येतीचा दाखला नाही, काही नाही. रेघ म्हणजे रेघ. वकीलबाई उसळली. माणूस बघा, वय काय बघता, असं म्हणत ती न्यायालयात गेली, नियमाला बाबांपुरती स्थगिती मिळवली, आणि केस चालू होती तेवढे दिवस बाबा त्या स्थगितीवर केबिनमध्ये बसत राहिले.

आता सगळे वरच्या मजल्यावरच्या लांब टेबलाभोवती बसले होते. खिडकीतून खालचं यार्ड दिसत होतं. या घरात जेवताना निम्मं बोलणं हातानं चाले. क्रेनवाल्यांचं घर ते. बोट वर करून फिरवलं की पातेलं उचल, खाली करून फिरवलं की वाढ, आणि हात आडवा करून तळवा जमिनीकडे हलवला की पुरे, थांब. बाहेरून आलेल्या वहिनीला पहिले कित्येक दिवस वाटे, की हे लोक एकमेकांवर रागावलेत म्हणून बोलत नाहीत.

"माणसाच्या भाषेत सांग," बाबा म्हणाले. "त्या कागदातलं वाचू नकोस."

"न्यायालय म्हणतं, रेघ कुठे ओढायची हे आमचं काम नाही," वकीलबाई म्हणाली. "क्रेनमधलं प्राधिकरणाला कळतं, आम्हाला कळत नाही. त्यांनी विचार करून रेघ ओढली का, तेवढंच आम्ही बघणार. विचार केलेला दिसतोय. संपलं."

"प्राधिकरणाला क्रेनमधलं कळतं?" काका म्हणाले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. जन्मभर ते बाबांच्या क्रेनसमोर जमिनीवर उभे राहून हातानं इशारे देत आले होते. "त्यांचा साहेब गेल्या खेपेला आला होता ना, तो लोंबत्या ओझ्याखाली उभा राहून फोनवर बोलत होता. मी दंडाला धरून बाजूला ओढला त्याला."

"त्या साहेबाला कळतं असं नाही, काका. प्राधिकरणाला कळतं असं धरून चालायचं."

"नुसतं धरून चालायचं?"

"हो."

"मग आपल्याला कळतं असं का नाही धरून चालत कोणी?"

याला वकीलबाईकडे उत्तर होतं, पण ते द्यायला तिला पाऊण तास लागला असता.

"पण साठच का?" दादा म्हणाला. तो ऑफिस सांभाळायचा, बाबांची कामं ठरवायचा आणि मोठं ओझं असलं की स्वतः तिथे हजर असायचा. "त्रेसष्ट का नाही? अठ्ठावन्न का नाही?"

"तेही लिहिलंय. कुठेही ओढली तरी रेघेच्या पलीकडे कोणीतरी राहणारच, असं म्हणतात. आणि प्रत्येक माणसासाठी वेगळी रेघ काढायची म्हटलं तर ती रेघच राहत नाही."

"म्हणजे ते मला नालायक म्हणालेत?" बाबांनी विचारलं.

"नाही, बाबा. लायक आहात की नाही ते त्यांनी बघितलंच नाही."

"माझ्याबद्दल काय लिहिलंय मग?"

"काहीच नाही."

बाबांचा चेहरा पडला. शिवी दिली असती तरी त्यांना इतकं लागलं नसतं. "एवढा जाडजूड गठ्ठा," ते म्हणाले, "आणि माझ्याबद्दल एक ओळ नाही?"

"एक आहे. शेवटी." तिला ती वाचायची नव्हती. कोर्टातून बाहेर पडल्यापासून ती ओळ तिच्या डोक्यात भुणभुणत होती, आणि फोनवर ती ऐकल्यामुळेच काकांना आपण जिंकलो असं वाटत होतं. "अर्जदाराची इच्छा असेल तर त्यानं प्राधिकरणाकडे आपली स्वतःची चाचणी घ्यायला अर्ज करावा, आणि प्राधिकरणानं आपल्या विवेकानं त्याचा विचार करावा, असं म्हटलंय."

"हे आधी नाही का सांगायचं!" बाबांनी टेबलावर थाप मारली. "म्हणजे दार उघडं आहे! कर अर्ज. घ्या म्हणावं चाचणी, कुठे घ्यायची तिथे. आणि आजच्या कामाचं काय?"

"आजपासून स्थगिती संपली, बाबा. आता केबिनमध्ये चढता येणार नाही."

"चार दिवसांचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "तोवर मी क्रेनला कुलूप घालून येतो." आणि कठड्याला हात लावत, एकेक पायरी पायानं चाचपत ते खाली गेले. ते असे चाचपत उतरतात हे वकीलबाईनं पाहिलं नाही असं नाही. पण ते नेहमीच तसे उतरत आले असावेत, असं तिला वाटलं.

बाबा खाली गेले आणि टेबलावर कोणी काही बोलेना. एरवी ह्या घरात बाबांनी पाठ वळवली की सगळे एकदम बोलू लागत.

"चाचणी कशी असते गं?" काकांनी विचारलं. स्वर अगदी सहज होता.

"साधीच असते. संध्याकाळच्या उजेडात घेतात. माणूस केबिनमध्ये, समोर प्राधिकरणाचा कोणीतरी अनोळखी माणूस, आणि तो इशारे देणार. शिट्टी नाही, हाक नाही, वॉकीटॉकी नाही. उघडे हात, बस."

काकांनी कप खाली ठेवला. दादा नखं बघू लागला. आई उठली आणि ओट्यावरची एक स्वच्छ ताटली पुन्हा पुसायला लागली.

"काय झालं?" वकीलबाई म्हणाली.

"उघडे म्हणजे, हातमोजेसुद्धा नाहीत?" काका म्हणाले.

"हातमोजे कशाला?"

"मी घालतो. ते नारिंगी असतात ना, रस्त्याच्या कामावर. ते." काका तिच्याकडे बघत नव्हते. "भाऊला साधे हात दिसेनात एकदा. उन्हाची तिरीप असेल म्हटलं. मग मोजे घातले तर दिसले. मग घालतच राहिलो."

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. पण नुसता मोज्यांचा तर प्रश्न, बाकी भाऊ अगदी..."

"मोजे?" दादा म्हणाला. "काका, तुमच्या मोज्यांनी काय होतंय? मी वॉकीटॉकीवरून सांगतो त्यांना. वर, खाली, हळू. तुमचे हात बघूनच सांगतो. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

"मला कसं माहीत असणार? मला वाटलं, भाऊ माझे हात बघून चालवतोय!"

"आणि मला वाटलं, तुम्हालाच सगळं ठाऊक आहे, मी नुसता आधाराला आहे."

आईनं ताटली खाली ठेवली. "दारात माणूस आला तर ते आवाज ऐकल्याशिवाय ओळखत नाहीत," ती म्हणाली. "मी आधीच मोठ्यानं नाव घेते. 'या या, विमावाले आलेत बघा,' असं. पण ते घरातलं. कामावर चालवून घेत असतील, म्हटलं. कामातलं तुम्हा लोकांना कळतं."

वकीलबाई एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिली. खोटं कोणीच बोललं नव्हतं. प्रत्येकानं थोडं थोडं झाकलं होतं, आणि बाकीचं दुसऱ्याला कळत असेल असं धरून चाललं होतं. आईनं दादावर सोडलं, दादानं काकांवर, काकांनी बाबांवर. आणि ह्या सगळ्यांच्या जोरावर ती न्यायालयात उभी राहून छातीठोकपणे म्हणाली होती, की ह्या माणसाच्या नजरेला आजही तोड नाही. न्यायालय 'आम्हाला कळत नाही' म्हणून हात वर करतं, याचा तिला इतका संताप आला होता. इथे तर अख्खं घर तेच करत होतं, आणि तेही कुठल्या अधिकाराशिवाय.

"आणि मी स्थगिती आणली," ती म्हणाली. "मी. तुम्ही सगळे टाळ्या वाजवत होतात."

"तू विचारलं नाहीस," दादा पुटपुटला.

"मी काकांचं प्रतिज्ञापत्र घेतलं होतं, दादा!"

"त्यात खोटं काय होतं?" काका दुखावून म्हणाले. "मी इशारा देतो, भाऊ ओझं थांबवतो. तसंच लिहिलं होतं. कसा थांबवतो ते तू विचारलंच नाहीस."

"मग आता काय करायचं?" वहिनी म्हणाली. टेबलाशी बसल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती. "मला विचाराल तर अर्ज करू नका. न्यायालय नाही म्हणालं ते बरंच झालं."

"असं कसं बरं झालं?" काका उखडले. "अर्ज नाही केला तर भाऊ खचेल."

"आणि केला तर? परक्या माणसासमोर?"

"आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊ," दादा म्हणाला.

"येतील ते? काय सांगून नेशील?"

"आई सांगेल."

"मी?" आई म्हणाली. "मी काय सांगू? वकीलबाईला सांगू दे. केस तिनं केली."

थोड्या वेळापूर्वी काका अर्जाच्या बाजूनं होते. आता ते म्हणायला लागले, की अर्ज करावा पण जरा उशिरा. आधी हरलो म्हणणारा दादा म्हणे, निकालावर वरच्या न्यायालयात जाऊ, म्हणजे निदान वेळ जाईल. कोण कोणाच्या बाजूला आहे, तेच कळेना. वकीलबाईला तर आपण कुठल्या बाजूला आहोत हेही कळत नव्हतं. केस हरल्याचं दुःख करावं, की देवानं हात देऊन हरवलं म्हणून सुटकेचा श्वास सोडावा? आणि सुटकेचा श्वास सोडणारी वकील काय कामाची?

एवढ्यात बाबा जिना चढून आले. "काय ठरलं?"

काकांनी दादाकडे पाहिलं, दादानं आईकडे, आईनं वकीलबाईकडे.

बाबा मूर्ख नव्हते. दिसत कमी असेल, पण जन्म गेला होता त्यांचा गप्प माणसांचे इशारे ओळखण्यात. "अच्छा," ते म्हणाले. "म्हणजे तुम्हालाही शंका आहे. मग परक्यासाठी कशाला थांबायचं? वकीलबाई, चल खाली. तूच घे माझी चाचणी."

यार्डात ऊन कलंडलं होतं. मोठी क्रेन कुलूप लावून उभी होती, आणि तिच्या पायरीला पाठ टेकून बाबा उभे राहिले. वकीलबाई दुसऱ्या टोकाला, जुन्या लोखंडी वजनांच्या ढिगापाशी जाऊन उभी राहिली. काकांनी जाता जाता खिशातले नारिंगी मोजे गुपचूप तिच्यापुढे केले. तिनं मान हलवली. बाकीचे जिन्याशी थांबले.

तिनं हात वर केला आणि बोट आकाशाकडे फिरवलं.

"वर!" बाबा ओरडले.

तिनं बोट जमिनीकडे केलं. "खाली!" उजवा हात लांब केला. "उजवीकडे!" डावा केला. "डावीकडे!" हात आडवा धरून तळवा हलवला. "थांब!"

काकांना राहवेना. त्यांनी टाळ्याच वाजवल्या. "बघा! उगाच घाबरवलंत मला!" दादाचा चेहरा उजळला. वकीलबाईलाही क्षणभर वाटलं, की आपलंच चुकलं, सगळ्यांनी मिळून माणसाला उगाच आंधळं केलं. तिला इतकं बरं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं.

"उलटसुलट करा ना," जिन्यावरून वहिनी म्हणाली. "ह्याच क्रमानं तर मलाही शिकवलं होतं त्यांनी."

वकीलबाई थिजली. खरंच की. ह्याच यार्डात, ह्याच क्रमानं, बाबांनी तिला इशारे शिकवले होते. वर, खाली, उजवीकडे, डावीकडे, थांब. इतर पोरांना बाराखडी शिकवतात तसे. दादालाही तसेच आणि नंतर वहिनीलाही. ह्या घरातला कोणीही माणूस दुसऱ्या क्रमानं सुरुवात करूच शकला नसता. ती स्वतःही करू शकली नव्हती.

तिनं पुन्हा हात उचलला. आडवा धरला. तळवा जमिनीकडे. थांब.

"वर!" बाबा म्हणाले.

तिनं हात तसाच हलवत ठेवला. थांब.

"खाली!"

कोणी हलेना. टाळी वाजवलेले काकांचे हात छातीशी जुळलेलेच राहिले. वकीलबाईनं दोन्ही हात पसरले आणि जोरजोरानं हलवले. क्रेनवाल्यांच्या भाषेत याहून मोठा इशारा नाही. जीव जातोय, सगळं आहे तिथे थांबवा, असा त्याचा अर्थ.

"उजवीकडे!" बाबा म्हणाले. आवाज चांगलाच खणखणीत होता. "बरोबर ना?"

बरोबर ना म्हटल्यावर कोणीतरी हो किंवा नाही म्हणायला हवं होतं. तिनं मागे वळून पाहिलं. आई दादाकडे बघत होती, दादा जमिनीकडे. इथे निकाल द्यायला वर कोणी बसलेलं नव्हतं, की ज्यांना कळतं त्यांच्यावर सोपवून मोकळं व्हावं. माणूस बघा, माणूस बघा म्हणून तिनं न्यायालयात घसा कोरडा केला होता. आता तो माणूस समोर उभा होता आणि तिनं तो बघितला होता.

ती यार्ड ओलांडून त्यांच्यापर्यंत गेली. बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून अगदी जवळ.

"नाही, बाबा."

"कुठलं चुकलं?"

"सगळे थांब होते."

बाबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. इतक्या जवळून त्यांना ती दिसत असावी. "पहिलेही?"

"पहिले बरोबर होते. पण ते तुम्हाला पाठ आहेत."

ते क्रेनच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "शाळेवरची टाकी बसवली ना आपण परवा. खाली माणसं होती."

"हो."

"मला वाटायचं, संध्याकाळचं सगळ्यांनाच असं दिसतं." त्यांनी तळव्यानं तोंड पुसलं. "म्हणजे मी आजवर काय बघून चालवत होतो गं?"

काकांचे मोजे आणि दादाचा आवाज, असं तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं. तिला भीती वाटत होती, लाज वाटत होती, आणि ह्या माणसावर इतकी माया दाटून आली होती, की आपण त्याला वाचवलं की बुडवलं हे तिला ठरवता येईना.

"अर्ज केला तर हे सगळं तिथे होणार," बाबा म्हणाले. "परक्या माणसांसमोर."

"हो."

"आणि नाही केला तर लोकांना काय कळेल?"

"एवढंच, की तुमची साठी झाली. नियम सगळ्यांना आहे, तुम्हालाही लागला."

"नजरेबिजरेचं काही?"

"तुमच्याबद्दल त्यात एक शब्दही नाही, बाबा."

मघाशी ह्याच गोष्टीनं त्यांचा चेहरा पडला होता. आता त्यांनी तीच दोन-तीनदा मनाशी घोळवली. मग उठले, पँट झटकली, आणि जिन्याकडे तोंड करून फाटकाबाहेरच्या रस्त्यालाही ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले, "काय न्याय म्हणायचा का हा? माणूस बघायचा नाही, नुसतं वय बघायचं! अर्ज करायचाय म्हणे! कोण जातोय त्यांच्या पाया पडायला? मी नाही करत अर्ज! सांग यांना, वकीलबाई!"

"अन्याय आहे, बाबा," वकीलबाई म्हणाली. तिचा आवाज फुटत होता, म्हणून तिनं तो आणखी चढवला. "धडधडीत अन्याय आहे!"

"माझ्यासारखा माणूस हे लोक घरी बसवतात!"

"शोधून सापडायचा नाही!"

काका आधी गोंधळले. मग त्यांनी मोजे खिशात खोल कोंबले आणि तेही न्यायालयाला नावं ठेवायला लागले. दादाही सामील झाला. आई मात्र रडत होती. अंधारून आलं होतं. न्यायालयाचा उद्धार करत करतच बाबांनी वकीलबाईचा दंड धरला, आणि पायरी आली की ती त्यांना हळूच सांगत गेली.